लेन्सच्या डब्यात काय ठेवायचं: सिलिका जेल की कपाटातली ओल शोषणारी डबी?

पाऊस सुरू झाला की कॅमेरेवाल्यांच्या घरात एक प्रश्न निघतोच: "ते ओल शोषणारं पांढरं काहीतरी मिळतं ना, ते लेन्सजवळ ठेवलं तर चालेल का?" ते ‘पांढरं काहीतरी’ कोणतं, यावर उत्तर ठरतं. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी निघते, ती सिलिका जेलची. कपड्यांच्या कपाटासाठी जी डबी मिळते, जिच्या तळाशी पाणी साचत जातं, तिच्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड असतं. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी, म्हणून घोळ होतो.

कॅल्शियम क्लोराइड हे एक मीठच. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसं यालाही सुटतं, फक्त कितीतरी जास्त. हवेतलं पाणी ओढून ते त्यातच विरघळतं. डबीत साचतं ते साधं पाणी नव्हे, धातू गंजवणारं खारं द्रावण. पावसाळी हवेत ते सांडलं तर वाळतही नाही. माझी डबी कपाटात कलंडली आणि खालच्या कप्प्यातल्या ट्रायपॉडचे स्क्रू महिन्याभरात गंजले. लेन्स वरच्या कप्प्यात होत्या, म्हणून वाचल्या.

सिलिका जेल वाळूच्या कुळातलं. दाण्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात, वाफ त्यांच्या आतल्या भिंतींना धरून बसते. दाणा वरून कोरडाच राहतो, आणि तापवला की पाणी सोडून पुन्हा कामाला तयार.

पण हे जेल उघड्या कपाटात ठेवू नका. मुंबईची जुलैमधली हवा दाराच्या फटीतून येतच राहते, मूठभर दाणे बघता बघता भरून जातात. तिथे साड्यांसाठी डबीच बरी. जेलला हवाबंद डबा लागतो, चारही बाजूंनी खटके आणि झाकणाला रबर असलेला, पोह्या-रव्याचा असतो तसला. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे १० लिटरच्या डब्यात अवघं ०.३ ग्रॅम. त्याला १००-२०० ग्रॅम जेल भरपूर झालं. खरी ओल आत शिरते ती झाकण उघडताना, आणि पट्टा, फोम, चामडी कव्हर यांच्यातून. लेन्स कव्हरसकट आत टाकू नका.

रंग बदलणारं जेल घ्या, त्यातही नारंगी. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं, घरात ते नकोच. नारंगी दाणे हिरवट पडले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. तांदूळ घालायचा सल्ला विसरा, त्याची पिठूळ धूळ लेन्सवर बसते.

डब्यात छोटा आर्द्रतामापक हवाच. ४० ते ५० टक्के ठीक. ६०च्या वर आकडा रेंगाळू लागला की बुरशीला वाव मिळतो. स्वस्तातल्या मापकावर मात्र डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे चार थेंब टाकून चिखलासारखं करा आणि मापकाबरोबर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाजवळच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, म्हणून सकाळी आकडा ७५ हवा. माझा ६९ दाखवतो, मी मनातल्या मनात सहा मिळवतो.