साखरेची तपासणी आणि दोन खाडे

साखर तपासायला रक्त दोनदा घेतात: एकदा उपाशीपोटी, एकदा जेवायला बसल्यापासून दोन तासांनी. पुण्यात कोथरूडच्या सोसायटीत लॅबचा माणूसच दोन्ही वेळेला दारात येतो. जनता वसाहत झोपडपट्टीतून चार घरची धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला मात्र केसपेपरची रांग, उपाशी रक्त, खाऊन पुन्हा बसून राहणं आणि रिपोर्टासाठी दुसऱ्या दिवशी परत फेरी. दोन खाडे झाले. सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी फुकट मिळते, पण तिथवर पोचायला दोन दिवसांची मजुरी जाते. मग तपासणी पुढे ढकलली जाते, आणि त्याला आपण ‘बेफिकिरी’ म्हणतो.

एचबीए1सी या तपासणीत रक्त एकदाच देतात, उपाशी राहावं लागत नाही आणि साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. पण लोहाची कमतरता असेल, तर जुन्या तांबड्या पेशी रक्तात जास्त रेंगाळतात, त्यांना साखर अधिक चिकटते आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. लोह कमी असण्याची शक्यता याच बायकांमध्ये अधिक. म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघायलाच हवं.

इन्सुलिनचं दुखणं वेगळं. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं 25 ते 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत वेष्टनावर असते. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. फ्रिज नसेल तर एका मडक्यात दुसरं लहान मडकं ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरायची, कुपी कोरड्या डबीत घालून आत ठेवायची, वर ओलं फडकं. कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं. पावसाळी दमट हवेत पाणी उडत नाही, गारवाही कमी. फ्रिज असलेल्यांची चूक उलटी असते: कुपी बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवतात. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यावं.

शिवाय ‘साखर जाड्या लोकांना होते’ हा समज. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून आसपासच्या गावांत केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो निघालं, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. असा सडपातळ देह मधुमेहापासून सुरक्षित नसतो. पण काटक दिसणाऱ्या हमालाची साखर कोण तपासतो? पायाची जखम चिघळते, तेव्हाच कळतं.

तेव्हा भरती व्हावं लागलं, तर धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला अशी कागदपत्रं लागतात. दाखला हातात नसला तरी तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यायचं, असा नियम आहे. घोटाळा होतो तो वेळेचा: नातेवाईक बिल हातात आल्यावर चौकशी करतात. भरतीच्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठून अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.