कप म्हणजे 250 ग्रॅम? सरसकट नाही

‘1 कप म्हणजे 250 ग्रॅम, जिन्नस कोणताही असो’ असा तक्ता वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतो. पाण्यापुरता तो बरोबर आहे, म्हणूनच पटकन पटतो. 250 मिलिलिटरच्या कपात पाणी जवळपास 250 ग्रॅमच भरतं.

पण कप जागा मोजतो, वजन नाही. त्याच कपात साखर साधारण 200 ग्रॅम मावते, तेल 230च्या आसपास, मध तर 350. मैदा सगळ्यात लहरी: चाळून अलगद भरला तर 120 ग्रॅमच्या आसपास, डबा आपटून दाबून भरला तर 150च्याही वर. केक दगडासारखा होतो तेव्हा ओव्हनला उगाच बोल लागतो.

खात्री करायला वजनकाटा पुरे. रिकामा कप ठेवून आकडा शून्यावर आणा, मैदा भरा, आकडा बघा. मग त्याच कपात साखर.

प्रमाण तिप्पट करताना ही चूकही तिप्पट होते. 130 ग्रॅमच्या जागी 250 धरले, तर तीन कपांत 360 ग्रॅम मैदा जादा. आधी एका कपाचं वजन घ्या, मग गुणा. आणि हो, अमेरिकन कप 250चा नसतो, सुमारे 237 मिलिलिटरचा असतो.