अर्थ नसलेले शब्द वाचायला का देतात? डिस्लेक्सिया सेंटरमधलं काम

डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला आणि लिहायला शिकताना येणारी मुळातली अडचण. ती तपासणाऱ्या सेंटरमध्ये मुलाची टेस्ट चालू असताना पालकांना एक गोष्ट हमखास खटकते. मुलाच्या हातात एक कागद देतात, त्यावर 'पटोक', 'झिलूम', 'डेगरी' असलं काहीतरी छापलेलं असतं, आणि हे सगळं त्यानं मोठ्यानं वाचायचं असतं. पालकांना वाटतं, अहो आधीच याला खरे शब्द वाचता येत नाहीत, त्यात हे खोटे कशाला?

पण खरं सांगायचं तर अख्ख्या टेस्टमध्ये सगळ्यात जास्त माहिती बऱ्याचदा हाच कागद देतो. कारण खरा शब्द ओळखायच्या बऱ्याच पळवाटा असतात. हुशार पोरं चित्र बघतात, पहिलं अक्षर बघतात, मागच्या वाक्यावरून अंदाज लावतात, वर्गात बाकीच्यांनी वाचलेला धडा ऐकून ऐकून पाठ करतात आणि मग पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणतात, बघणाऱ्याला वाटतं काय छान वाचतोय. दुसरीपर्यंत हे खपून जातं. 'झिलूम'ला मात्र अंदाज चालत नाही, तो आधी कधी पाहिलेला नाही आणि त्याला अर्थही नाही. तिथे एकच रस्ता उरतो, अक्षर बघा, त्याचा आवाज आठवा, आवाज जोडा, तोंडानं म्हणा. वाचनाचं मूळ इंजिन हेच आहे, याला डीकोडिंग म्हणतात, आणि डिस्लेक्सियात नेमकं हेच अडखळतं.

ही टेस्ट अर्थात एकटी नसते. त्याआधी कान आणि डोळे तपासून घेतात, कारण कमी ऐकू येणाऱ्या किंवा चष्म्याची गरज असणाऱ्या मुलावर भलताच शिक्का बसायला नको. मग घरच्यांशी बोलणं होतं, मूल बोलायला उशिरा लागलं का, बडबडगीतं यमकं जमायची का, घरात अजून कुणाला वाचायला त्रास होता का. हा शेवटचा प्रश्न वरवरचा वाटला तरी महत्त्वाचा आहे, डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. 2022 मध्ये एक मोठा जनुकीय अभ्यास आला, त्यात डिस्लेक्सियाचं निदान झाल्याचं सांगणारे 50 हजारांहून जास्त लोक होते आणि तुलनेला 10 लाखांहून जास्त, आणि त्यात जनुकसंचातल्या 42 जागांशी संबंध सापडला. म्हणजे डिस्लेक्सियाचं असं एकच जनुक नाही, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा आहे. बरेच आईवडील मुलाचा रिपोर्ट वाचताना पहिल्यांदा स्वतःच्या शाळेबद्दल बोलायला लागतात ते यामुळेच.

पुढची टेस्ट ऐकायला खेळासारखी वाटते. 'पाणी'मधला प काढून र लाव, काय झालं? राणी. 'लाल पाटी' यातले पहिले आवाज अदलाबदल कर. पाल लाटी. इथे समोर एकही अक्षर लिहिलेलं नसतं, सगळं कानानं आणि तोंडानं चालतं, तरी डिस्लेक्सिया असलेली मुलं इथे दमतात. मला वाटतं पालकांनी हा भाग शक्य असेल तर बघावाच, कारण इथे डोळ्यांचा काहीच संबंध नाही हे समोरासमोर दिसतं. त्यांना शब्द ऐकू नीट येतो, अर्थ कळतो, पण शब्दाच्या पोटातले सुटे आवाज वेगळे धरून ठेवता येत नाहीत. आणि लिपी म्हणजे तर त्या सुट्या आवाजांच्याच खुणा, मग आवाजच निसटत असेल तर खूण चिकटणार कशाला?

अजून एक टेस्ट असते, पाच चित्रं किंवा अंक उलटसुलट क्रमानं ओळीत मांडलेले, साधारण 50, आणि ते जमेल तितक्या झटपट म्हणायचे. सगळी नावं माहितीच असतात, वेळ मोजतात तो ती डोक्यातून ओठावर यायला किती लागतो याचा. इथे हळू पडणारी मुलं पुढे अचूक वाचायला शिकली तरी वेगात मागे राहायची शक्यता जास्त, म्हणून ही टेस्ट वगळायची नाही.

आता डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांचा दोष, हा गैरसमज आला कुठून? तर सुरुवातच तशी झाली. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाबद्दल लिहिलं. चुणचुणीत पोरगं, 749 गुणिले 867 झटपट आणि बरोबर करायचं, पण सोप्या बालपुस्तकातलं वाक्य वाचता येईना, स्वतःचं नाव लिहितानासुद्धा अक्षरं मागेपुढे केली आणि एकाहून जास्त वेळा लक्षात आणून देईपर्यंत चूक दिसली नाही. त्याचे मास्तर म्हणाले होते, शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. मॉर्गननी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटलं, तेव्हाची समजूत अशी की मेंदूत शब्दांची चित्रं साठत नाहीत. पुढे बराच काळ अक्षरं उलटी दिसतात, नजर घसरते असंच चालत राहिलं. साधारण 1970 नंतर आवाजांवरचं संशोधन वाढत गेलं तसं चित्र पालटलं. अक्षरं उलटी लिहिणं तर शिकताना जवळपास सगळ्याच लहान मुलांचं होतं, नुसत्या तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मेंदूत काय होतं ते थोडक्यात सांगतो. बोलणं माणसाला खूप जुनं, लेखन जेमतेम 5 हजार वर्षांचं, त्यामुळे वाचायची वेगळी जागा मेंदूत जन्मतः तयार नसते, ती शिकताना घडवावी लागते. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारी, मेंदूच्या डाव्या बाजूला मागे खालच्या अंगाला एक पट्टा हळूहळू अक्षरांना वाहून घेतो आणि भाषेच्या, आवाजाच्या भागांशी जोडला जातो. डिस्लेक्सियात डाव्या बाजूच्या या सगळ्या जाळ्याची हालचाल वाचताना कमी दिसते. आणि पूर्वी बुद्ध्यांक चांगला पण वाचन वाईट असा फरक दिसला तरच डिस्लेक्सिया म्हणायचे ना, त्यालाही धक्का बसला. 2011 मध्ये आलेल्या एका अभ्यासात मुलांना छापील शब्दांची यमकं जुळतात का ते ओळखायला देऊन मेंदूचे स्कॅन घेतले, वाचायला अडखळणाऱ्या मुलांमध्ये बुद्ध्यांक जास्त असो की कमी, फरक त्याच जागी आणि तसाच दिसला. त्यामुळे "हा तेवढा हुशार नाही, म्हणून याला मदत नको" असं कुणी म्हणत असेल तर ते विज्ञानाला धरून नाही.

मग प्रश्न येतो, आपली लिपी तर उच्चाराप्रमाणे आहे, मराठीत कसला डिस्लेक्सिया? असतो, फक्त वेगळ्या रूपात बाहेर पडतो. 2001 मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांची तुलना झाली, इटालियनचं स्पेलिंग सरळ असल्यानं त्यांचं वाचन बाकीच्यांपेक्षा बरं होतं, पण मेंदूतली कमी हालचाल तिघांमध्ये एकाच ठिकाणी. सरळ लिपीत चुका कमी होतात पण वाचन हळू आणि कष्टाचं राहतं, आणि शुद्धलेखन त्रास देतं.

शिवाय देवनागरी वाटते तेवढी सरळ नाही, आपल्याला सवय झाली म्हणून जाणवत नाही एवढंच. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. 'सूर्य'मधला र य च्या आधी म्हणायचा पण बसतो त्याच्या डोक्यावर रफार होऊन. तोच र 'चक्र'मध्ये पोटात तिरकी रेघ होतो आणि 'ट्रक'मध्ये खाली टोपी होतो. 'करत' म्हणताना र मधला अ ऐकू येतो, 'करता' म्हणताना तो गायब, लिहिताना मात्र काहीच फरक नाही. घ-ध, भ-म, थ-य ही एकसारखी दिसणारी जोडपी वेगळीच. चिन्हांची संख्याही मोठी, एकेका व्यंजनाची बाराखडी आणि वर जोडाक्षरं, त्यामुळे भारतीय लिप्या शिकणाऱ्या मुलांचं अक्षरशिक्षण चौथी पाचवीपर्यंत चालूच असतं. ज्या मुलाला आवाज सुटे करणंच जड जातं त्याच्यासाठी जोडाक्षर म्हणजे दोन आवाज एका आकारात कोंबलेले, तिथे गाडी हमखास अडते. म्हणून फक्त इंग्रजी टेस्टवरून रिपोर्ट देणाऱ्या ठिकाणी मी तरी शंका काढीन, मूल ज्या भाषेत शिकतंय त्या भाषेत टेस्ट व्हायलाच हवी.

टेस्टनंतरचं काम बघायला अगदी साधं असतं, आणि तेच सेंटरचं खरं काम. एक रेमेडियल टीचर, म्हणजे अडखळणाऱ्या मुलांना वेगळ्यानं शिकवणारी शिक्षिका किंवा शिक्षक, एक मूल किंवा दोन-तीन, आठवड्यातून ठरलेले तास. कुठलीही गोष्ट "येईल आपोआप" म्हणून सोडायची नाही. आधी आवाज, मग त्याची खूण, मग दोन आवाज जोडणं, मग काना, मग वेलांटी, एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि वाचायला दिलेल्या मजकुरात फक्त शिकवून झालेलीच अक्षरं. मूल अक्षर बोटानं गिरवतं तेव्हा तोंडानं त्याचा आवाज म्हणतं, शब्द लिहिताना एकेक आवाज मोठ्यानं सुटा करतं आणि लिहून झालं की स्वतःचं स्वतः परत वाचतं. या पद्धतीचं मूळ सॅम्युअल ऑर्टन हे डॉक्टर आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांच्या 1920-30 च्या दशकातल्या कामात आहे. पण एक सांगतो, वाळूत गिरवणं, रंगीत माती, असल्या गोष्टींचंच कौतुक जास्त होतं आणि मूळ मुद्दा राहून जातो. 2014 मध्ये 22 नियंत्रित चाचण्या, म्हणजे शिकवलेल्या मुलांची तसं न शिकवलेल्यांशी तुलना करणारे अभ्यास, एकत्र करून पाहिलं, तेव्हा वाचन सुधारतं हे आकड्यांनी पक्कं ठरलं ते अक्षर आणि आवाज यांची जोडणी पद्धतशीर शिकवण्याच्या बाबतीतच. त्या शिकवण्याबरोबर वाळू असली तर उत्तम, पण नुसती वाळू वाचायला शिकवत नाही. रंगीत चष्मे, रंगीत प्लास्टिकचे कागद, डोळ्यांचे व्यायाम यांना तर असा भक्कम आधारच नाही आणि त्यात पैशाहून मोलाची गोष्ट जाते ती म्हणजे वेळ.

वेळेचं एवढं का म्हणतोय तर त्यालाही कारण आहे. हीच मदत पहिली-दुसरीत मिळालेल्या मुलांना तिसरीत मिळालेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट फायदा झाल्याचं 2017 च्या एका अभ्यासात दिसलंय. "मुलगा आहे, उशिरा शिकेल", "पुढच्या वर्षी बघू" हे प्रेमानं म्हटलं जातं पण त्यात नेमकी हीच वर्षं जातात. उशिरा आलेल्यांसाठी दार बंद होतं असं अजिबात नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात 8 ते 10 वर्षांच्या, वाचनात फार मागे पडलेल्या मुलांना 8 आठवड्यांत प्रत्येकी 67 तास एकेकट्यानं शिकवलं, मुलांची अचूकता भरपूर सुधारली आणि पुढची दोन वर्षं टिकली, वेग मात्र मागेच राहिला. मेंदूतही बदल दिसतात, 2009 मध्ये 100 तासांच्या शिकवणीनंतर मुलांच्या मेंदूतल्या जोडण्यांच्या तारा, म्हणजे पांढरा भाग, सुधारलेला दिसला. डिस्लेक्सिया यानं पुसला जात नाही, पण वाचन शिकता येतं, आणि "तीन महिन्यांत बरा करतो" म्हणणाऱ्या सेंटरपासून लांब राहिलेलंच बरं.

वेग मागे राहतो यावरूनच परीक्षेतल्या जादा वेळेचा विषय येतो, ज्यावर इतर पालक कधी कधी नाराज असतात. मुलाला इतिहास येतो का हे बघायचं असेल तर प्रश्न वाचायला लागणारा वेळ मधे यायला नको, म्हणून जादा वेळ, म्हणून प्रश्न वाचून दाखवणारा किंवा लिहून देणारा माणूस. चांगलं सेंटर शाळेशी याबद्दल सविस्तर बोलतं, वर्गात सगळ्यांसमोर अचानक उभं करून वाचायला लावू नका इतकी बारीक गोष्टसुद्धा सांगतं. कारण रोज असं हसं झालेलं पोरगं वाचनाच्या नुसत्या नावानं पोटात दुखतं म्हणायला लागतं आणि ते दुखणं खरं असतं.

घरच्यांसाठी सेंटरवाले जो गृहपाठ देतात त्यात एक गोष्ट पालक पटकन विसरतात. मूल स्वतः वाचत नाही म्हणून पुस्तकांतून येणारे शब्द, माहिती, मोठी वाक्यं त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि चौथी पाचवीत गेल्यावर डीकोडिंग सुधारूनही समजायला जड जायला लागतं. म्हणून रोज दोन वेगळी कामं. एक, 10-15 मिनिटं मुलानं स्वतः वाचायचं, तेही त्याच्या आत्ताच्या पातळीचं, सोपं, तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं तरी चालेल. आणि दुसरं, मोठ्यांनी त्याला वाचून दाखवायचं किंवा ऑडिओबुक लावून द्यायचं, ते मात्र त्याच्या वयाचं, त्याच्या डोक्याला खाद्य देणारं, डायनोसॉर आवडत असतील तर डायनोसॉरचं जाडजूड पुस्तक. ही दोन कामं एकत्र करायची नाहीत, म्हणजे गोष्ट रंगात आली असताना मधेच थांबून "आता हा शब्द तू वाच" असं म्हणायचं नाही.