पाकवलेली फळे (खानदेश)

पाकवलेली फळे : फळाच्या फोडीतील पाण्याची जागा टप्प्याटप्प्याने साखरेच्या पाकाने भरून, नंतर पाक निथळवून व फोड सुकवून तयार होणारा टिकाऊ गोड पदार्थ. मुरांब्यात फोड पाकात बुडालेली राहते; येथे ती पाकाबाहेर काढून कोरडी केलेली असते, हा दोहोंतील मुख्य भेद होय. प्रस्तुत नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील घरगुती प्रथेपुरती आहे. ‘पाकवलेली फळे’ ही संज्ञा कोशातली. घरात ती कोणी उच्चारत नाही. बोलण्यात आवळा कँडी, टुटीफ्रुटी, पेठा, चेरी अशी एकेका पदार्थाची सुटी नावे आहेत. त्यामुळे ही सर्व एकाच क्रियेची रूपे असल्याचे सहसा लक्षात येत नाही.

नावे व व्युत्पत्ती : ‘कँडी’ हा शब्द इंग्रजीतून आला असला, तरी त्याचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. संस्कृत ‘खण्ड’ (तुकडा, खडा, त्यावरून खडीदार साखर), फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजी, अशी साखळी सर्वसाधारणपणे मान्य आहे. तिच्या मुळाशी द्राविडी शब्द असावा, असेही सुचवले गेले आहे. पण मधल्या टप्प्यांबद्दल फारसे दुमत नाही. मराठी ‘खांड’ त्याच घरातली, म्हणजे आवळा कँडी म्हणताना आपण आपलाच शब्द परत घेत असतो. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा असे उसाच्या रसाचे प्रकार एकत्र दिले आहेत. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. तिसरे ते इ. स. तिसरे शतक असा सैल धरला जातो. तथापि साखरेचे असे दर्जे भारतात निदान इ. स.च्या आरंभीच्या शतकांपासून वेगळे ओळखले जात, एवढे त्यावरून म्हणता येते. ‘खानदेश’ या प्रदेशनामाचा खांडेशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण ते केवळ ध्वनिसाम्य होय. या नावाची उपपत्ती कान्हदेशापासून की फारुकी सुलतानांच्या ‘खान’ किताबापासून, हा वाद वेगळा आहे. यादवकाळात या भागाला सेऊणदेश म्हणत. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर शाहजादा दानियालच्या नावावरून प्रांताचे नाव काही काळ दानदेश झाले होते.

‘मुरांबा’ व ‘मोरावळा’ यांबाबत मतभेद अधिक आहेत. एका मताने हे शब्द मराठी ‘मुरणे’ या धातूपासून झाले : मुरलेला आंबा तो मुरांबा, मुरलेला आवळा तो मोरावळा. दुसऱ्या मताने मूळ अरबी ‘मुरब्बा’ हे होय. या अरबी शब्दाचा संबंधही कोणी ‘जोपासणे, वाढवणे’ या अर्थाच्या धातूशी, तर कोणी ‘रुब्ब’ (आटवलेला फळांचा रस) याच्याशी जोडतात. हिंदी ‘मुरब्बा’ व गुजराती ‘मुरब्बो’ यांत अनुस्वार नाही. ‘ब्ब’चे ‘ंब’ होणे ध्वनिदृष्ट्या सोपे आहे, आणि गुळांबा-साखरांब्याच्या शेजारी राहून शब्दाला आंबा चिकटणेही स्वाभाविक आहे. सफरचंदाचाही मुरांबाच होतो. तेव्हा शब्दातला आंबा मुळापासूनचा नसावा. ‘मुरणे’ या क्रियापदाने आयात शब्दाला नंतर मराठी अर्थ पुरवला, ही उपपत्ती अधिक समाधानकारक वाटते.

प्रथेचा उगम : दोन प्रवाह दिसतात. आवळा शिजवून मध, तूप वा साखरेत टिकवण्याची अवलेहांची (चाटणांची) रीत आयुर्वेदात जुनी आहे. च्यवनप्राश हे तिचे परिचित उदाहरण. अखंड फळ स्वच्छ पाकात मुरवण्याची रीत मात्र फारसी-मोगल पाकपरंपरेशी जोडली जाते. फारुकी राजवट (१३८२–१६०१) व नंतरची मोगल सुभेदारी यांचे केंद्र बऱ्हाणपूर खानदेशातच होते (आज ते मध्य प्रदेशात मोडते). या वाटेने मुरांब्याची रीत येथे उतरली असणे संभवनीय आहे. पपईचा इतिहास त्यामानाने सोपा आहे. हे फळ मध्य अमेरिकेतले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर ते भारतात आले. त्यामुळे पपईची टुटीफ्रुटी त्याआधीची असू शकत नाही, आणि ‘सर्व फळे’ या अर्थाचे तिचे इटालियन नाव तर बरेच अलीकडचे. चुन्याच्या निवळीत फोडी भिजवण्याची युक्ती कोहळ्याच्या पेठ्याकडून पपईकडे आली असावी.

फळांची निवड : जळगावचे केळे प्रसिद्ध आहे (त्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले), परंतु पाकवण्याच्या कामी ते जवळजवळ निरुपयोगी ठरते. पिकलेल्या केळ्याचा गर पाकात विरघळतो. कच्च्यात पिष्ट (स्टार्च) भरपूर असल्याने ते उकडल्यावर बटाट्यासारखे पिठूळ होते, आणि चिरताच काळे पडते ते वेगळेच. म्हणून रावेर-यावलच्या केळ्याचे वेफर झाले, कँडी झाली नाही. पाकवण्यास लागते ते घट्ट, कमी गोड व पेक्टिनयुक्त (पेशींच्या भिंतींना बांधून ठेवणारे द्रव्य असलेले) फळ, आणि ते बहुधा कच्चे किंवा बाजारात मान नसलेले असते. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः शहादा-तळोदा भागात, पपईची लागवड मोठी आहे. वाऱ्याने पडलेली व डागी कच्ची फळे घरी येतात ती याच कामाला. पपईच्या कच्च्या फळाला चिरा पाडून चीक काढतात व त्यापासून पेपेन हे विकर (एन्झाइम) मिळवतात. असे ओरखडलेले फळ विक्रीला चालत नाही. टुटीफ्रुटीला मात्र उत्तम चालते.

आवळा कार्तिकापासून माघापर्यंत मिळतो. सातपुड्याच्या पायथ्याची करवंदे कच्ची असताना बिया काढून, लाल रंग देऊन ‘चेरी’ बनतात. केकवरच्या स्वस्त चेरीपैकी बरीच करवंदेच असतात, हे खाणाऱ्यास ठाऊक नसते. मोसंबीची साल व आले यांच्याही फोडी होतात. कोहळ्याबाबत एक अडचण आहे. तो बळी द्यावयाच्या पशूचे प्रतीक मानला जात असल्याने अखंड कोहळ्यावर पहिली सुरी बाईने चालवू नये, असा संकेत अनेक घरांत पाळतात. त्यामुळे पेठा करण्याचा बेत घरातला पुरुष हजर असण्यावर अवलंबून राहतो.

कृती व तिच्यामागील कारणे : पपई सोलून, बिया व आतील पांढरा पडदा काढून बारीक चौकोनी फोडी करतात. त्या चुन्याच्या निवळीत तीन-चार तास ठेवतात. निवळी म्हणजे कळीचा चुना पाण्यात कालवून, तळाशी बसू दिल्यावर वरचे घेतलेले स्वच्छ पाणी. गढूळ चुना घेतल्यास फोडी तुरट लागतात व तोंड भाजते. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो (लिटरला दोन ग्रॅमहूनही कमी), तरी तेवढ्याने काम होते. त्यातील कॅल्शियम फळाच्या पेक्टिनशी बांधले जाऊन पेशींच्या भिंती घट्ट होतात आणि पुढच्या उकळीत फोड फुटत नाही. आवळ्यासाठी त्याच हेतूने तुरटीचे पाणी वापरण्याची रीत आहे.

निवळीनंतर फोडी तीन-चार पाण्यांनी धुणे आवश्यक असते. धुण्यात कसूर झाल्याचे हळद सांगते : पिवळ्या रंगासाठी घातलेली हळद उरलेल्या चुन्याने लालसर होते. हळदीचे कुंकू करताना हाच गुण उपयोगी पडतो. टुटीफ्रुटीत तो चुगली करतो.

मग फोडी पाण्यात उकळून अर्धपारदर्शक करतात. हे केवळ शिजवणे नव्हे. जिवंत पेशीचे पटल पाणी जाऊ देते, साखर अडवते; उष्णतेने ते पटल मरते आणि मगच साखर आत शिरू शकते. तरीही साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा सुमारे एकोणीस पट जड असल्याने सावकाश सरकतो. घाई करून फोडी एकदम दाट पाकात टाकल्या, तर आतले पाणी झपाट्याने बाहेर पडते, साखर मागे राहते आणि फोड सुरकुतून चामड्यासारखी होते. म्हणून पहिल्या दिवशी पातळ पाक (सुमारे ३० टक्के साखर), मग रोज फोडी उपसून पाक आटवायचा अथवा त्यात साखर वाढवायची, असे ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत चार-पाच दिवसांत नेतात. घरात टक्केवारी मोजत नाहीत. अंगठा व तर्जनीमध्ये पाकाची तार धरून पाहतात. शेवटच्या दिवशी एकतारीच्या किंचित पुढे थांबायचे असते. दोनतारीवर गेल्यास फोडींवर साखरेचे पांढरे कवच बसते.

या कवचाचा प्रश्न जाणत्या हातांनाही छळतो. २० अंश सेल्सिअसला साखरेचा संपृक्त (आणखी साखर न विरघळणारा) पाक सुमारे ६७ टक्क्यांचा असतो. त्यापुढचा पाक थंड होताच खडे धरू पाहतो. लिंबाचा रस किंवा चिमूटभर सायट्रिक आम्ल घातल्यास उकळीत काही साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि खडे बनणे अडते. पण आम्ल जास्त झाले, किंवा उकळी लांबली, की फ्रुक्टोज वाढते; ते हवेतली ओल ओढून घेते व फोडी डब्यात एकमेकींना चिकटून एक गोळा होतो. म्हणजे एका बाजूला खडे, दुसऱ्या बाजूला चिकटा. पाकवलेल्या फळांत एकूण शर्करा किमान ७० टक्के आणि त्यापैकी किमान २५ टक्के क्षपणकारी शर्करा (ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी) असावी, ही कारखानदारीसाठी घातलेली अट याच दोन दोषांमधली वाट दाखवते. लिंबाच्या थेंबांवर चालणाऱ्या घरगुती अंदाजाने ती बहुतेक वेळा सापडते, हे विशेष.

आवळ्याची रीत सोपी आहे, पाक करावा लागत नाही. आवळे वाफवले की पाकळ्या आपोआप सुटतात. किलोभर पाकळ्यांवर सुमारे पाऊण किलो साखर पसरून भांडे झाकून ठेवतात. फळातूनच पाणी सुटून साखर विरघळते. पहिल्या दिवशी पाकळ्या वर तरंगतात. दोन-तीन दिवसांत साखर आत मुरून त्या जड होतात व तळाशी बसतात. तळाशी बसलेली पाकळी उपसण्याजोगी झाली, असे समजावे. यापेक्षा सोपी कसोटी नाही. उरलेला पाक सरबताला वापरतात. आवळ्याला लोखंडी विळी वा कढई लावीत नाहीत, कारण आवळ्यातील टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडून फोडी काळ्या पडतात.

सुकवण्याच्या बाबतीत खानदेश भाग्यवान आहे. येथील हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते, आणि पापड-कुरडयांची वाळवणे घालण्यास धाब्याची सपाट घरे सोयीची. आता धाब्यांच्या जागी स्लॅबची गच्ची आली आहे. फोडी पातळ कापडाखाली दोन दिवस वाळवून वर पिठीसाखर भुरभुरतात. कडक उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा फोडी भर उन्हात ठेवल्यास बाहेरून कडक व आतून ओल्या राहतात. अशा वेळी सावलीतला वारा बरा. श्रावण-भाद्रपदात हे काम कोणी काढत नाही. पाक अर्ध्यावर सोडल्यास, किंवा ओला चमचा बुडवल्यास, साखर सोसणारे यीस्ट वाढून बरणीत फेस व आंबूस वास येतो.

रंग : लालसाठी बीट, पिवळ्यासाठी हळद किंवा केशर वापरतात. बिटाचा रंग उकळीत फिका होतो, म्हणून तो शेवटच्या पाकात घालणे इष्ट. बाजारी लाल चेरीत एरिथ्रोसीन हा कृत्रिम रंग असतो. आंबट माध्यमात तो अविद्राव्य (न विरघळणारा) होऊन फळातच बसतो व शेजारच्या पदार्थाला लागत नाही, म्हणून तो निवडला जातो. बिटाला हे साधत नाही. घरची लाल टुटीफ्रुटी श्रीखंडावर तासभर आधी पसरली, तर श्रीखंडाला गुलाबी डाग पडतात.

सणांतील स्थान : विधीच्या नैवेद्यात या फळांना जागा नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सांजोरी व आमरस, कानबाई या देवीच्या सणाला रोट; तेथे परंपरा ठरलेली आहे. पाकवलेली फळे येतात ती सणाच्या कडेने : दिवाळीच्या फराळाच्या ताटात, श्रीखंडावर, मसाला पानात. भुलाबाई या मुलींच्या गाण्यांच्या सणातील खिरापतीत (शेवटी वाटायच्या खाऊत) मुली डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखू पाहतात. थोडी ओलसर टुटीफ्रुटी आवाज करीत नाही, म्हणून ती ओळखायला अवघड. लग्नाच्या रुखवतात रंगीत फोडी काचेच्या बरणीत थर लावून मांडतात. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांशी त्यांची गल्लत करू नये. हलवा म्हणजे तीळ-खसखशीवर चढवलेला साखरेचा काटा, त्यात फळ नसते. नवापूर भागातील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या केकसाठी टुटीफ्रुटी लागते.