एकच फाइल हवी असते तेव्हा: टार आणि झिपची पार्श्वभूमी

बॅकअपमधून एकच फाइल परत काढायची तर कमांड एका ओळीची असते. टार आणि झिप हे अनेक फाइली एकाच संग्रहात बांधण्याचे दोन प्रकार. मोठ्या झिपमधून ती फाइल लगेच हाती येते, तेवढ्याच मोठ्या पण जीझिप या प्रोग्रामने दाबलेल्या (आकार लहान केलेल्या) टारमधून मात्र बराच वेळ लागू शकतो. याचे मूळ एका जुन्या प्रश्नात आहे: आत काय आहे याची यादी ठेवायची कुठे?

युनिक्स या संगणक-प्रणालीच्या सुरुवातीच्या काळात, फाइली साठवण्याच्या चुंबकीय टेपसाठी 'टीपी' हा प्रोग्राम होता. तो यादी टेपच्या सुरुवातीला ठेवत असे. त्या यादीची जागा ठरलेली, म्हणून फाइलींच्या संख्येलाही मर्यादा. जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर 'टार' आला आणि त्याने यादीच काढून टाकली. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटचा हेडर असतो; नाव, आकार, परवानग्या, वेळ सगळे त्यातच. टेप सरळ पुढे जाणारे माध्यम, त्यामुळे ही रचना तिला अगदी साजेशी होती. हवे तेवढे लिहा, पुढे आणखी जोडा.

जोडण्याच्या या सोयीमुळे एकाच नावाची फाइल संग्रहात दोनदा असू शकते. मग शेवटची प्रत खरी धरायची. म्हणूनच हवी ती फाइल सापडल्यावरही टार थांबत नाही, शेवटपर्यंत वाचत जातो. ग्नू टारमध्ये, म्हणजे टारच्या आज प्रचलित असलेल्या मुक्त आवृत्तीत, पहिल्याच प्रतीवर थांबवण्यासाठी 'ऑकरन्स' हा पर्याय आहे. मोठ्या संग्रहात तो फार उपयोगी पडतो, तरी वापरला कमीच जातो.

डिस्कवरच्या साध्या टारमध्ये निदान हेडरमधला आकार पाहून पुढच्या हेडरवर उडी मारता येते. टार दाबून ठेवला, उदाहरणार्थ १९९२ मध्ये आलेल्या जीझिपने, की ती सोय जाते. सगळा प्रवाह एकत्र दाबलेला असल्याने मधली फाइल हवी असली तरी आधीचे सगळे उलगडावे लागते. फिल कॅट्झ यांच्या पीकेझिप या झिप बनवणाऱ्या प्रोग्रामने १९८९ मध्येच वेगळी वाट धरली होती: प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबायची आणि यादी शेवटी ठेवायची. त्याची किंमत अशी की फाइलींमधल्या परस्परसाम्याचा फायदा मिळत नाही. शेकडो लहान, सारख्या फाइली असतील तर झिप मोठी होते.

४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीसोबत १९८३ मध्ये आलेला, बॅकअपमधून फाइली परत काढणारा 'रिस्टोर' मला या सगळ्यात सर्वांत समंजस वाटतो. त्याचा जोडीदार, बॅकअप घेणारा 'डंप', टेपवर डिरेक्टरी (फोल्डरांच्या याद्या) आधी लिहीत असे. त्यांच्या आधारे रिस्टोरमध्ये फोल्डरांत फिरता येई, हव्या त्या फाइली निवडता येत आणि मग तेवढ्याच काढता येत.

टारकडे हे नाही. तिथे नाव संग्रहात जसे नोंदवले आहे तसेच द्यावे लागते. सुरुवातीचे टिंब आणि तिरकी रेघ लिहायची राहिली तरी फाइल सापडत नाही. जुना टार पूर्ण पथ (फाइलचा मुळापासूनचा पत्ता) नोंदवलेली फाइल थेट मूळ जागी, चालू फाइलवरच लिहीत असे. ग्नू टार आता पथाच्या सुरुवातीची तिरकी रेघ काढून टाकतो, त्यामुळे फाइल सध्याच्या फोल्डरखाली उतरते. पण चालू फोल्डरातच त्या पथावर आधीची फाइल असेल तर ती आजही बदलली जाते. म्हणून आधी टारच्या 'टी' या पर्यायाने यादी पाहावी, नाव तिथूनच उचलावे आणि फाइल काढणारा 'एक्स' हा पर्याय रिकाम्या फोल्डरात चालवावा.