मोटर रेसिंग बघायला मजा कशामुळे येते, त्यामागची गोष्ट

उन्हाळ्यात युरोपातली फॉर्म्युला वन रेस आपल्याकडे बहुतेक रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, तेव्हा जळगावला अजून झळा मारत असतात, घरातले सगळे कूलरसमोर बसलेले आणि मामा दरवेळी विचारतात, "काय भो, त्याच त्या गाड्या गोल गोल फिरता, यात बघायचं काय?" प्रश्न एकदम बरोबर आहे. रेसिंगवाले स्वतःच सव्वाशे वर्षं याचंच उत्तर शोधताहेत.

सुरुवातीला गोल फिरणं नव्हतंच. १८९५ ला पॅरिसहून बोर्दो आणि परत पॅरिस अशी साधारण ११७८ किलोमीटरची रेस झाली, त्यात एमिल लेव्हासॉरने ४८ तासांहून जास्त वेळ गाडी हाकली. पण रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला काय दिसणार, धूळ उडवत एक गाडी आली आणि गेली, पुढे कोण मागे कोण काहीच पत्ता नाही. लोक मात्र तुडुंब यायचे आणि अगदी रस्त्यावर उभे राहायचे. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद रेसमध्ये ड्रायव्हरही जिवानिशी गेले, बघणारेही गेले, रेनॉ गाड्यावाल्या भावांपैकी मार्सेल त्यातच गेला आणि रेस बोर्दोलाच थांबवली.

मग बंद रस्त्यावर फेऱ्या सुरू झाल्या. १९०६ ला ल मांजवळ पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली, तिची एक फेरी १०३ किलोमीटरची! दोन दिवसांत मिळून १२ फेऱ्या, म्हणजे एका जागी बसलेल्याला जिंकणारी गाडीसुद्धा दोन दिवसांत १२ वेळाच दिसली.

पुढच्याच वर्षी इंग्लंडात ब्रुकलँड्सचा सिमेंटचा ट्रॅक झाला आणि त्यांनी सरळ घोड्यांच्या शर्यतीचा साचा उचलला, ड्रायव्हर सुरुवातीला जॉकीसारखे रंगीत सदरे घालायचे, गाड्या तयार करायच्या जागेला पॅडॉक म्हणतात, तो शब्दही तिकडचाच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघणारा माणूस त्याची चाल बघतो, उमदेपणा बघतो, पण दोन घोडे बरोबरीने सुटले की आजूबाजूचे सगळे टाचा उंच करून बघायला लागतात. नुसत्या वेगाने तसं होत नाही, वेग तर टीव्हीवर पाच मिनिटांत सवयीचा होतो. मागचा पुढच्याला गाठतोय, आता जाईल का नाही, खरा जीव तिथं अडकतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९७१ ची इटलीतल्या मोंझाची रेस. लांब सरळ रस्ते, पुढची गाडी हवा कापते, मागच्याला कमी जोर लावून तिच्यामागे ओढ मिळते. सुरत-नागपूर हायवेला ट्रकच्या मागे मोटारसायकल आली की जे जाणवतं तेच. पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला, पहिले पाच जण ०.६१ सेकंदात आले, रेसभर नंबर बदलत राहिले. पुढच्या वर्षी वेग कमी करायला तिथं शिकेन टाकल्या, म्हणजे मुद्दाम घातलेली आडवळणं, आणि ती मजा संपली.

तोपर्यंत गाड्यांना पंखही आले होते, १९६८ पासून. पंख गाडीला जमिनीवर दाबतात म्हणून वळणात वेग राहतो, पण मागच्या गाडीला घुसळलेली हवा मिळते, तिच्या पंखांचा दाब कमी होतो, वळणात ती घसरते आणि टायर तापतात. ट्रकमागे हँडल थरथरतं ना, तसं. गाड्या वेगवान होत गेल्या आणि ओव्हरटेक अवघड होत गेलं. २०१० ला अबुधाबीत शेवटच्या रेसला अलोन्सो हा ड्रायव्हर जवळजवळ ४० लॅप पेट्रोव्ह या दुसऱ्या ड्रायव्हरच्या मागे अडकला, वर्ल्ड टायटल गेलं तिसऱ्याच ड्रायव्हरकडे, वेटेलकडे.

२०११ ला डीआरएस आलं, क्रिकेटमधलं नाही, ड्रॅग रिडक्शन सिस्टिम. मागचा एक सेकंदाच्या आत असेल तर ठरलेल्या सरळ पट्ट्यात मागचा पंख उघडायचा, हवेचा अडथळा कमी. ओव्हरटेक वाढले पण माझं मत स्पष्ट आहे, पुढच्याला उत्तर द्यायला काहीच नसेल तर ती हायवेवरची साइड मिळाल्यासारखी गोष्ट झाली, झुंज नाही. त्यापेक्षा पाऊस बरा. २०११ लाच कॅनडात पावसामुळे थांबवून पुन्हा सुरू केलेली रेस चार तासांच्या वर चालली आणि एका वेळी सगळ्यात शेवटी असलेला ड्रायव्हर जेन्सन बटन शेवटच्या लॅपला वेटेल घसरल्यावर पुढे गेला.

२०२२ ला गाडीच्या तळाकडून जास्त दाब घ्यायचे नियम आले, मागच्याला जवळ राहता यावं म्हणून. २०२६ च्या नियमांत डीआरएस काढलं, ठरलेल्या सरळ पट्ट्यात पंख सगळ्यांनाच उघडता येतात, एक सेकंदात असलेल्या मागच्याला फक्त बॅटरीची जास्तीची ताकद मिळते. ती कुठं वापरायची हे ड्रायव्हरने ठरवायचं, आणि पुढचाही आपली बॅटरी राखून बचाव करू शकतो. मामांना मी आता स्क्रीनच्या कडेचा आकडा बघायला सांगतो, मागची गाडी पुढचीपासून किती सेकंद लांब आहे तो. १.४, १.१, ०.८ होत गेला की तेही खुर्ची पुढे ओढतात.