पार्क होम : अंतर्गत रचना आणि मांडणी

पार्क होम म्हणजे ब्रिटनमधील एकमजली, कारखान्यात बांधले जाणारे, बारमाही राहण्याचे घर. लाकडी सांगाडा, त्याखाली पोलादी चासी आणि चासीला चाके असे त्याचे स्वरूप असते. ट्रेलरवर चढून ते परवाना असलेल्या पार्कमध्ये येते आणि काँक्रीटच्या बैठकीवर टेकवले जाते. नंतर चाकांभोवती विटांची बुटकी भिंत उठते आणि बाहेरून ते साध्या बंगलीसारखे दिसू लागते. घर रहिवाशाच्या मालकीचे असते, जागा मात्र पार्कमालकाची. त्या जागेचे भाडे रहिवासी नियमित भरतो. इंग्लंडमध्ये सुमारे ८५,००० कुटुंबे अशा घरांत राहतात. त्यांत मोठा भरणा निवृत्त जोडप्यांचा आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा आहे. अनेक पार्कांत तर ठरावीक वयाखालच्या माणसाला प्रवेशच नसतो. सुट्टीपुरते वापरायचे ‘हॉलिडे होम’ दिसायला याच्यासारखे असले, तरी त्याचे मानक वेगळे आणि त्यात कायम राहण्याची परवानगी नसते.

या घराची आतली मांडणी समजून घ्यायची तर सुरुवात रस्त्यापासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी होती, की हजारो कुटुंबे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरात, म्हणजे कॅराव्हानमध्येच, संसार थाटून बसली. १९५९ मध्ये सर आर्टन विल्सन यांनी या लोकांच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी पार्कांना परवाने देणारा कायदा झाला. १९६८ च्या कायद्याने दोन भागांत बनवून जागेवर जोडलेल्या घरालाही ‘कॅराव्हान’ मानले. अटी दोन : भाग दोनहून अधिक नकोत, आणि जोडल्यावरही ते घर हलवता येण्याजोगे असावे. सोबत मापांची मर्यादा आली. इंग्लंडमध्ये २००६ पासून ती लांबीला २० मीटर, रुंदीला ६.८ मीटर आणि आतल्या उंचीला, जमिनीपासून छताच्या सर्वांत उंच ठिकाणापर्यंत, ३.०५ मीटर अशी आहे. म्हणजे साडेपासष्ट फूट, सव्वाबावीस फूट आणि दहा फूट. आर्किटेक्टची रेघ या चौकटीबाहेर गेली, की कायद्याच्या दृष्टीने ते घर कॅराव्हान उरत नाही आणि कॅराव्हान पार्कच्या परवान्यात बसत नाही.

परवडणाऱ्या श्रेणीतील नेहमीचे घर या मर्यादेच्या बरेच आत असते : वीस फूट रुंद, छत्तीस ते चाळीस फूट लांब, दोन बेडरूमचे. बाहेरच्या मापाने सव्वासातशे ते आठशे चौरस फूट, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या बऱ्यापैकी टू बीएचकेएवढे. दहा-बारा फूट रुंदीची एकेरी घरेही मिळतात. ती आणखी स्वस्त. पण त्यांच्यात एका बाजूने जाणारा बोळ रुंदीतले जवळजवळ तीन फूट खातो आणि खोल्या आगगाडीच्या डब्यासारख्या एकामागोमाग लागतात. थोडे पैसे साठवता येत असतील, तर दुहेरी घराइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

दुहेरी घर येते ते लांबीच्या रेषेवर उभे चिरून. दहा फुटी अर्धे घर ट्रेलरवर उभे असते, तेव्हा त्याची एक बाजू सताड उघडी असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. पडदा काढला, की आत फोडलेल्या डाळिंबासारखे सगळे दिसते : एका अर्ध्यात टाइल लावलेला, नळासकट तयार ओटा, दुसऱ्या अर्ध्यात खिडक्यांना आधीच टांगलेले पडदे, आणि कडेला गुंडाळून ठेवलेला गालिचा. दोन्ही अर्धी जॅकवर समपातळीत आणतात, एकमेकांकडे सरकवतात, बोल्टांनी आवळतात. वर छपराची फट झाकतात, खाली गालिचा उलगडून सांध्यावरून पसरतात, आणि बाकी राहिलेले काम सुतार व प्लंबर जागेवर उरकतात.

हा मधला सांधा घराच्या नकाशावर राज्य करतो. कोकणातल्या कौलारू घराला जसे आढे, तशी इथे सांध्यावरून छपराची तुळई जाते आणि दोन्ही बाजूंचा उतार तिच्यावर टेकतो. तिला अधूनमधून खाली आधार लागतो, म्हणून आतल्या भिंती शक्यतो त्याच रेषेवर येतात. हॉल पूर्ण वीस फूट रुंद, मध्ये खांब नसलेला हवा असेल, तर तुळई जाड करावी लागते आणि किंमत वाढते; स्वस्त घरांत म्हणूनच हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये कमान किंवा भिंतीचा तुकडा दिसतो. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या सांधा ओलांडून नेणे म्हणजे जागेवरचे काम वाढवणे. त्यामुळे स्वयंपाकघर, बाथरूम आणि धुण्याचे यंत्र एकाच अर्ध्यात, एकाच ओळीत ठेवण्याकडे कल असतो. नकाशा हातात आला, की आधी ही रेषा शोधावी. ती सापडली म्हणजे कुठली भिंत हलवता येईल आणि कुठली नाही, हे कारखान्याशी बोलण्याआधीच कळते.

चाळीस फुटी घराची मांडणी बहुधा अशी असते. एका टोकाला हॉल. त्याच्या समोरच्या आखूड बाजूला एक-दोन पुढे आलेल्या खिडक्या, ज्यांना तिकडे ‘बे विंडो’ म्हणतात. मधोमध इलेक्ट्रिक शेकोटी आणि तिच्यावर फोटो, घड्याळ, नातवंडांची पत्रे ठेवायला लाकडी फळी. इंग्रजी घरात बसण्याच्या खुर्च्या या शेकोटीभोवती मांडतात, आपल्याकडे टीव्हीभोवती मांडतात तशाच. हॉलला लागून जेवणाचे टेबल, पलीकडे स्वयंपाकघर, त्याला जोडून धुण्या-भांड्यांची छोटी खोली; मागचे दार तिच्यातून उघडते आणि चिखलाचे बूट, ओले रेनकोट तिथेच अडतात. मधून एक तोकडा पॅसेज दुसऱ्या टोकाकडे जातो. तिथे मोठी बेडरूम, तिला लागून शॉवरची खोली, समोर दुसरी बेडरूम आणि सामाईक बाथरूम.

पॅसेजचा प्रत्येक फूट हा खोलीतून कापलेला फूट असतो. चांगला आराखडा ओळखायची सोपी खूण हीच : पॅसेजची लांबी मोजावी. जिथे दारे समोरासमोर येऊन दोन पावलांत पॅसेज संपतो, तिथे डिझाइन करणाऱ्याने डोके लावलेले असते. भिंतीत सरकणारी दारेही याच कामी येतात. बिजागरीच्या दाराला उघडायला जी अर्धवर्तुळाकार जागा लागते, तिच्यात एक कपाट सहज बसते.

साठवणीचा प्रश्न इथे अवघड असतो. छत आतूनच उतरते ठेवण्याची पद्धत असल्यामुळे पोटमाळा उरत नाही. चाळीस वर्षांचा संसार तीन बेडरूमच्या दुमजली घरातून इथे आणताना माणसे आधी इथेच अडतात. त्यावरचे उपाय मात्र मराठी गृहिणीला नवे वाटणार नाहीत : गादी वर उचलली की खाली खण असलेले पलंग, जमिनीपासून छतापर्यंत भिंतीतली कपाटे, ओट्याच्या कोपऱ्यात फिरते खण, बाकाखाली पेटी. दुसरी बेडरूम फार लहान असते, आठ-नऊ फुटांची, आणि तिच्यात डबल बेड कोंबण्याचा मोह टाळावा. भिंतीत दुमडणारा पलंग आणि एक टेबल ठेवले, तर पाहुणे नसलेले वर्षातले बाकीचे महिने ती खोली शिवणाची, वाचनाची होते.

ही घरे बहुधा सामानासकट विकली जातात. गालिचे, पडदे, सोफा, पलंग, फ्रिज, ओव्हन हे सगळे कारखान्यातूनच बसून येते. सोय मोठी आहे. पण दुकानातल्या नमुना घरात सोफे मुद्दाम आखूड आणि पलंग अरुंद ठेवलेले असू शकतात, तेव्हा स्वतःच्या आरामखुर्चीचे माप घेऊन जावे. आणखी एक गोष्ट ऑर्डर देतानाच सांगून ठेवावी. आतल्या भिंती पोकळ असतात, त्यांच्यावर जड काही पेलत नाही. टीव्ही कुठे टांगायचा, बाथरूममध्ये आधाराची दांडी कुठे लागेल, हे आधी सांगितले, तर कारखाना तिथे भिंतीच्या आत लाकडी पट्टी घालून देतो. दांडीची गरज आज नसेलही. दहा वर्षांनी ती लागेल तेव्हा बाथरूम फोडावी लागू नये.

थंडी हा या घरांचा जुना शत्रू. साठ-सत्तरच्या दशकांतील घरांच्या भिंती जेमतेम दोन-अडीच इंच जाड होत्या; आत प्लायवूड, बाहेर पातळ आवरण. रात्री भिंतींना आतून पाणी सुटे. आजही जुन्या घरात कोपऱ्यातल्या कपाटाचे दार उघडून मागच्या फळीवर तळहात टेकवला, तर ती गार आणि दमट लागते, आणि टांगलेल्या कोटाच्या पाठीवर बुरशीची राखाडी नक्षी दिसते. कारण साधे आहे : कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेले, आत हवा खेळत नाही, श्वासातले आणि स्वयंपाकातले बाष्प तिथेच थिजते. म्हणून कपाटे आतल्या भिंतींना लावावीत, बाहेरच्या भिंतीशी लावायचीच झाली तर मागे बोटभर फट ठेवावी. कायम राहण्याच्या पार्क होमसाठी बीएस ३६३२ हे ब्रिटिश मानक आहे. २००५, २०१५ आणि २०२३ या सुधारणांमध्ये त्यातील उष्णतारोधनाच्या अटी कडक होत गेल्या, आणि आजचे घर दुहेरी काचा व भरीव रोधनामुळे खूप कमी इंधनात ऊबदार राहते. सेकंड हँड घर घेताना ते कुठल्या साली आणि मानकाच्या कुठल्या आवृत्तीप्रमाणे बनले, हे रंगसंगतीच्या कितीतरी आधी विचारावे.

अनेक पार्क गावाबाहेर असल्याने पाइपचा गॅस तिथे पोचत नाही. घराबाहेर प्रोपेनचे ४७ किलोंचे उंच सिलिंडर उभे असतात. ब्यूटेन शून्य अंशांच्या आसपास वायुरूप होणे थांबते, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत होत राहतो, म्हणून बाहेरच्या थंडीत प्रोपेनच. हे सिलिंडर बदलणाऱ्या माणसाला सहज जाता येईल अशा बाजूला स्वयंपाकघर आणि बॉयलर ठेवणे सोयीचे पडते.

एकमजली घर म्हणून म्हातारपणी हे सोयीचे, असे विक्रेते सांगतात आणि आतल्या बाबतीत ते खरेच आहे. दारात मात्र पायऱ्या आहेत. चासी आणि चाकांमुळे घराची जमीन दोन-अडीच फूट उंचावर येते, आणि ज्या गुडघ्यांसाठी जिना सोडला त्यांनाच रोज तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात. रॅम्पचा उतार एकास बारा धरला, तर अडीच फुटांसाठी तीस फूट लांबी लागते. तेवढी जागा घर टेकवण्यापूर्वीच राखावी लागते. त्यामुळे मुख्य दार कुठल्या बाजूला घ्यायचे, हा निर्णय हॉलच्या रंगापेक्षा किती मोठा आहे, हे इथे ध्यानात येते. टबाऐवजी उंबरा नसलेला शॉवर, खुर्ची फिरेल इतकी रुंद दारे आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना चालण्याइतकी जागा, एवढ्यावर तडजोड करू नये; त्यासाठी दुसरी बाथरूम सोडावी लागली तरी चालेल.

पार्कमध्ये दोन घरांमध्ये सहा मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे, मुख्यतः आगीच्या भीतीने. १९८९ च्या नमुना नियमांत हेक्टरी पन्नासहून अधिक घरे नसावीत असेही म्हटले होते. याचा परिणाम खिडक्यांवर होतो. लांब बाजूंच्या खिडक्यांतून वीस फुटांवर शेजाऱ्याचे स्वयंपाकघर दिसते. मोकळे आकाश मिळते ते आखूड टोकांना. म्हणून हॉलची मोठी खिडकी टोकाला, आणि लांब भिंतींवर बाथरूम, कपाटे, उंचावरच्या आडव्या खिडक्या. ब्रिटनमध्ये हॉल दक्षिणेला वा नैर्ऋत्येला वळलेला असला, तर हिवाळ्यातल्या दुपारी दोन-तीन तास फुकटची ऊब मिळते. घर एकदा टेकवले, की कुणी ते पुन्हा फिरवत नाही.

‘परवडणारे’ हा शब्द जपून वापरायला हवा. घराची किंमत त्याच भागातल्या विटांच्या घराहून पुष्कळ कमी असते, स्टँप ड्यूटी लागत नाही, कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टीही, बहुधा सर्वांत खालच्या पट्टीतला. पण जमीन आपली नसल्यामुळे नेहमीचे गृहकर्ज मिळत नाही. जागेचे भाडे दरवर्षी वाढू शकते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून ही वाढ ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडली आहे. घर विकताना किमतीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम पार्कमालकाला द्यावी लागते. १९८३ च्या कायद्याने रहिवाशाला जागेवर राहण्याचे संरक्षण दिले आणि २०१३ च्या कायद्याने विक्रीत खोडा घालण्याची मालकाची सोय काढून घेतली. तरीही कमिशन तसेच आहे. आतल्या सजावटीवर केलेला खर्च विक्रीच्या किमतीत आला, तर त्याचाही दहावा हिस्सा मालकाकडे जातो. संगमरवरी ओटा बसवण्याआधी याचा हिशेब करावा.

मुळशी, कर्जत, अलिबागच्या बाजूला शेतजमिनीवर तयार केबिन किंवा कंटेनरचे घर टेकवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. सांध्याचा, पॅसेजचा, पोकळ भिंतींचा विचार त्यांना जसाच्या तसा लागू पडतो. हवामान मात्र उलटे आहे. तिथे भिंत ऊब धरण्यासाठी, इथे पत्र्याची आग अडवण्यासाठी. आणि चार महिन्यांच्या तिरक्या पावसात काचेच्या मोठ्या खिडकीला पुढे आलेले छप्पर, निदान चार फुटांची पडवी हवीच.

जुने पार्क होम पाहायला गेल्यावर सांध्यावरची दारे आधी उघडून पाहावीत. बैठक खचली, की घराची दोन अर्धी केसभर वेगळ्या पातळीवर जातात आणि मधल्या रेषेवरचे दार चौकटीला घासू लागते. छताजवळच्या कोपऱ्यात बारीक तडा दिसतो. घर पुन्हा जॅकवर घेऊन समपातळीत आणता येते, दार आपोआप सुटते. दाराची कड रंधून त्यावर ताजा रंग दिलेला आढळला, तर खाली वाकून विटांच्या भिंतीतल्या झडपेतून बॅटरीचा झोत टाकावा आणि आधाराचे खांब सरळ उभे आहेत का, ते पाहावे.